रिफ्रेशर ट्रेनिंगला जाताना अडलेली फाईल डोक्यात घेऊन जा

नवीन जॉइन झालेल्या जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) मंडळींचं एक ठरलेलं रडगाणं असतं, बोर्डावर (दिवसाच्या केसेसच्या यादीत) एवढी मॅटर्स आणि त्यात ट्रेनिंगचा आदेश. मी पण हेच म्हणायचे. पहिल्या वेळी उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमीत गेले तेव्हा कोरी वही घेऊन गेले आणि भरलेली वही घेऊन आले, जी परत कधी उघडली नाही.

दुसऱ्या वेळी मात्र शहाणी झाले होते. १ जुलै २०२४ पासून नवे तीन फौजदारी कायदे आले आणि माझ्या डायसवर रोज तोच घोळ, गुन्हा जूनमधला, एफआयआर ऑगस्टमधला, मग लावायचं काय? अशा केसमध्ये गुन्ह्याची कलमं जुन्या आयपीसीचीच (भारतीय दंड संहिता), पण तपासाची प्रोसिजर बीएनएसएसची (नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), आणि १ जुलैला आधीच पेंडिंग असलेली ट्रायल बीएनएसएसच्याच कलम ५३१ मुळे जुन्या सीआरपीसीनेच (फौजदारी प्रक्रिया संहिता) चालते. वाचून कळतं हो, पण समोर रिमांडला आरोपी उभा असताना हात थबकतो. तेच इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, जुन्या पुरावा कायद्याचं ६५बी गेलं आणि बीएसएचं (नवा भारतीय साक्ष्य अधिनियम) कलम ६३ आलं, आता अशा पुराव्यासोबतच्या सर्टिफिकेटला दोन भाग, एक देणाऱ्याचा, एक एक्स्पर्टचा, वर हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा. माझ्या कोर्टात मोबाईलच्या व्हिडिओवरून जे अडलं होतं ते मी नावं वगळून तिथे विचारलं आणि अख्खं सेशन त्याच्यावरच गेलं, कारण निम्म्या लोकांचं तिथेच अडलेलं!

कायद्यापेक्षा जास्त हलवून गेलं ते जेंडरवालं सेशन. खरं सांगते, मी बाई आहे मला काय शिकवणार, अशाच तोऱ्यात बसले होते. मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना फिर्यादीकडून राखी बांधून घ्यायची अट घातली होती, मार्च २०२१ ला अपर्णा भट प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली आणि न्यायाधीशांना या विषयाचं ट्रेनिंग द्या असंही सांगितलं. सेशनमध्ये ही राखीची अट ऐकून आम्ही सगळे हसलो. मग शिकवणाऱ्या सरांनी आपापली एक जुनी ऑर्डर वाचायला लावली. माझ्या डीव्हीच्या (कौटुंबिक हिंसाचार) ऑर्डरमध्ये एक ओळ होती, "अर्जदार सुशिक्षित असूनही इतकी वर्षे गप्प राहिली". पुराव्यात याचं काहीच नव्हतं, ते मीच घातलं होतं. हसू पळालं.

म्हणून जाण्याआधी आठवडाभर रोजनामा (केसमध्ये त्या दिवशी काय झालं त्याची नोंद) लिहिताना जिथे पेन थांबेल ते कागदावर टिपून ठेवा, आणि स्वतःच्या दोन ऑर्डर्स प्रिंट काढून न्या, एक जिचा अभिमान वाटतो आणि एक जी घाईत लिहिली. भाईंदर स्टेशनपासून उत्तन बरंच आत आहे, शेवटच्या क्षणी पोचायचं ठेवू नका. जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या जिल्ह्यातल्यांजवळ बसा. मुद्देमालाच्या व्हिडिओंचे पेनड्राइव्ह कसे सांभाळायचे ते मला लेक्चरमध्ये नाही, तिथेच कळलं.