केळ्याच्या इसेन्सचा कच्चा माल : आयसोअमाइल ॲसिटेट कसे हाताळावे

आइस्क्रीम, गोळ्या, सरबतं आणि औषधी सिरपांना केळ्याचा वास येतो तो बहुतेक वेळा आयसोअमाइल ॲसिटेटचा. दिसायला पाण्यासारखे रंगहीन, हाताला पातळ आणि उडणारे द्रव. दुकानात मिळणाऱ्या इसेन्सच्या छोट्या बाटलीत हे पातळ करून घातलेले असते. फ्लेवर बनवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र ते शुद्ध रूपात येते, पाच लिटरच्या कॅनमध्ये नाहीतर २०० लिटरच्या ड्रममध्ये. 'फूड ग्रेड' हा शब्द वाचून माणसे तिथे गाफील राहतात. पदार्थात किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतके जाते तेव्हा ते खाण्याचे असते. ड्रममध्ये असते तेव्हा ते थिनरच्या जातीचे ज्वालाग्राही सॉल्व्हंट असते, आणि त्याला तशीच वागणूक द्यायला हवी.

१८८४ साली जर्मनीत हेफ्नर-आल्टेनेक यांनी प्रकाश मोजण्यासाठी एक प्रमाण दिवा केला. ४० मिलिमीटर उंचीच्या त्याच्या ज्योतीचे इंधन अमाइल ॲसिटेट होते. इतकी स्थिर, भरवशाची ज्योत देणारे द्रव आपण गोदामात पिंपभर ठेवतो, हे लक्षात असावे.

आपल्या हवेत फ्लॅश पॉइंटचा अर्थ

सेफ्टी डेटा शीटवर (मालासोबत मिळणारे सुरक्षेच्या माहितीचे पत्रक) फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून द्रवावरची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, २५ ते ३३ अंश सेल्सिअस दिलेला असतो. आकडा मालाच्या शुद्धतेवर आणि तपासणीच्या पद्धतीवर थोडा बदलतो, म्हणून आलेल्या मालाची शीट पाहावी. वाहतुकीसाठी यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ११०४, वर्ग ३ (ज्वालाग्राही द्रव), पॅकिंग ग्रुप ३. हा तिसरा ग्रुप म्हणजे ज्वालाग्राही द्रवांतला त्यातल्या त्यात सौम्य गट. पण पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४० च्या पुढे असतो आणि हिवाळ्यातही दुपारी २५ ओलांडतो. म्हणजे वर्षातले बरेच दिवस उघड्या भांड्यावरची वाफ ठिणगीची वाट पाहत असते. 'सौम्य' हा शब्द आपल्या शेडपुरता विसरावा.

हवेत वाफेचे प्रमाण साधारण १ टक्का ते ७.५ टक्के असताना मिश्रण पेटते. बंद ड्रममध्ये द्रवावरच्या मोकळ्या जागेत २० अंशांना वाफ अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, ३० अंशांना १ टक्क्याच्या जवळ आणि ३५ अंशांना सव्वा टक्क्याच्या आसपास. पेट्रोलच्या टाकीत वाफ एवढी दाट होते की आतली हवा सहसा पेटण्याजोगी राहत नाही. इथे उलटे आहे. उन्हाळ्यात आयसोअमाइल ॲसिटेटच्या ड्रममधली हवा बरोबर पेटण्याच्या पट्ट्यात असते आणि वरची मर्यादा ती कधी गाठतच नाही. त्यामुळे अर्धा भरलेला ड्रम हा भरलेल्या ड्रमपेक्षा जास्त सांभाळायचा.

रिकामा ड्रम त्याहून वाईट. १ लिटर द्रवाची पूर्ण वाफ झाली तर ती साधारण १६५ लिटर होते. या हिशेबाने २०० लिटरच्या ड्रममधली हवा १ टक्क्यावर न्यायला तळाशी उरलेले १२ मिलिलिटर पुरतात, म्हणजे चहाचे अडीच चमचे. असा ड्रम कापून कचरापेटी करायला घेतला आणि त्यावर ग्राइंडर किंवा गॅस कटर चालवला की झाकण उडते आणि माणूस जातो. रिकामा ड्रम बूच लावून, लेबल तसेच ठेवून सॉल्व्हंटचे ड्रम घेणाऱ्या अधिकृत रीकंडिशनरकडेच (ड्रम साफ करून पुन्हा वापरण्याजोगा करणाऱ्याकडे) द्यावा. भंगारात किंवा पाणी साठवायला कोणालाही देऊ नये. पाण्याने खळबळून धुतल्याने तो सुरक्षित होत नाही, कारण हे द्रव पाण्यात जेमतेम विरघळते, लिटरमागे सुमारे २ ग्रॅम.

जागा

वाफ हवेच्या साडेचार पट जड. ती छताकडे जात नाही. जमिनीलगत पसरते, पायऱ्यांवरून उतरते, गटाराच्या जाळीत शिरते आणि बऱ्याच अंतरावरच्या पायलट ज्योतीपर्यंत जाऊन आग घेऊन परत येते. म्हणून एक्झॉस्टचे तोंड जमिनीपासून वीतभर उंचीवर हवे. तिथे साधा एक्झॉस्ट पंखा बसवणे ही नेहमी दिसणारी चूक आहे, कारण त्याची मोटर नेमकी वाफेच्या झोतात येते. पंखा, दिवे, स्विच सगळे फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारे, घ्यावे. आपोआप पेटण्याचे तापमान ३६० अंश असल्याने टी-२ (पृष्ठभाग ३०० अंशांपुढे न तापणारी) किंवा त्यापुढच्या तापमान वर्गाची फिटिंग चालते. स्विचबोर्ड शक्यतो खोलीबाहेर काढावा. ज्वालाग्राही वाफेबद्दल कारखाने अधिनियम १९४८ चे कलम ३७ होते; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ने घेतली. सध्या लागू असलेले नियम युनिट चालवणाऱ्याने वाचलेले असावेत.

घरगुती फ्रिजमध्ये नमुन्याच्या बाटल्या ठेवण्याची सवय फार पसरलेली आहे. फ्रिजच्या आतला थर्मोस्टॅट आणि दिव्याचा स्विच दोन्ही ठिणगी टाकतात, आणि बाटलीचे झाकण सैल असले तर वाफ त्याच पेटीत कोंडते. या द्रवाला थंडाव्याची गरजच नाही. सावलीची, ३० अंशांच्या आतली, हवेशीर जागा पुरते.

संध्याकाळची दिवाबत्ती, गल्ल्यावरची उदबत्ती, खंडेनवमीला यंत्रांपुढे ओवाळलेले निरांजन हे सगळे या खोलीच्या बाहेर व्हावे. पूजेच्या दिवशी ड्रम बंद, सांडलेले पुसलेले आणि एक्झॉस्ट अर्धा तास आधीपासून चालू असावा. मोबाइलचे चार्जर आणि चहाची इंडक्शन शेगडीही आत नको.

बाटली कोणती? गडद काच, ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील किंवा आतून लेप दिलेला लोखंडी ड्रम. साध्या पातळ प्लास्टिकच्या कॅनमधून वास झिरपतो आणि काही महिन्यांत कॅनच्या बाजू आत खेचल्या जातात. थर्मोकोल आणि पॉलिस्टायरिन तर जागच्या जागी विरघळते. नमुना पाठवताना बाटलीभोवती थर्मोकोल भरू नये, गळती झाली की खोक्यात चिकट लगदा उरतो. नायट्रेट, हायड्रोजन पेरॉक्साइड, ब्लीच यांसारखे ऑक्सिडायझर (आगीला ऑक्सिजन पुरवणारे पदार्थ) आणि तीव्र आम्ल-अल्कली एकाच रॅकवर ठेवू नयेत. आम्ल किंवा अल्कलीचा अंश आणि पाणी मिळाले की हे एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल मिळून झालेले संयुग) फुटून ॲसिटिक आम्ल आणि आयसोअमाइल अल्कोहोल होते. केळ्याच्या वासामागे व्हिनेगरची आंबट झाक आली तर माल उतरू लागला असे समजावे.

ओतताना

ड्रममधून कॅनमध्ये ओतणे हे सगळ्यात धोक्याचे काम, कारण नळीतून वाहणारे द्रव स्थिर वीज साठवते. क्रम असा ठेवा. आधी एक्झॉस्ट चालू. मग ड्रमला अर्थिंगची तार. तारेचा चिमटा रंगावर लावून उपयोग नाही, रंग खरवडून उघड्या धातूवर बसवा. दुसऱ्या तारेने ड्रम आणि घेणारे धातूचे भांडे एकमेकांना जोडा. त्यानंतरच बूच सैल करा, आतला दाब सावकाश सुटू द्या आणि हातपंप लावा. पंपाची नळी किंवा नरसाळ्याची नळी भांड्याच्या तळापर्यंत न्या. वरून धार पडू देऊ नका, शिंतोडे उडाले की वीजही वाढते आणि वाफही. नळीचे टोक बुडेपर्यंत धार संथ ठेवा. ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून माल वर काढणे कधीही करू नये. भांडे काठोकाठ न भरता निदान ५ टक्के जागा सोडा. काम संपल्यावर आधी बूच लावा, तारा शेवटी काढा.

प्लास्टिकच्या नरसाळ्याला तार जोडता येत नाही, म्हणून धातूचेच वापरावे. नायलॉनचे कपडे नकोत, सुती चालतात.

छोट्या मापासाठी साधा इलेक्ट्रॉनिक काटा वाफेत ठेवण्यापेक्षा आकारमानाने माप घेणे बरे. २० अंशांना घनता ०.८७६ धरली तर १०० मिलिलिटर म्हणजे ८७.६ ग्रॅम, आणि १० ग्रॅमला ११.४ मिलिलिटर. पिपेटने घेताना रबरी फुगा वापरावा, तोंडाने कधीच ओढू नये. इथेनॉलमध्ये पातळ केले म्हणजे धोका कमी झाला, हा समज खोटा आहे. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे मिश्रण आणखी सहज पेटते.

प्रयोगशाळेत हे एस्टर बनवताना मिश्रण बर्नरवर तापवू नये, हीटिंग मँटल किंवा ऑइल बाथ घ्यावा. उत्कलनबिंदू १४२ अंश आहे. डिस्टिलेशन सुरू करण्यापूर्वी कंडेन्सरचे पाणी चालू आहे ना, ते हाताने तपासावे.

श्वास, त्वचा, वास

हवेत १ पीपीएमच्याही (दहा लाख भागांत एक भाग) आत असताना नाकाला हा वास कळतो. मग काही मिनिटांत नाक सरावते आणि वास गेल्यासारखा वाटतो, वाफ मात्र तिथेच असते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेची आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम आहे, एसीजीआयएच या तिथल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची ५० पीपीएम. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत १७ मिलिलिटर सांडून उडाले की १०० पीपीएम होते. १७० मिलिलिटर उडाले तर १००० पीपीएम, म्हणजे जिवाला तातडीचा धोका मानली जाणारी पातळी. सुरुवात डोळे चुरचुरणे, घशात खवखव आणि डोकेदुखीने होते, पुढे गुंगी येते. अशा वेळी खिडकी उघडून काम चालू ठेवायचे नाही, बाहेर पडायचे.

धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (सॉल्व्हंटची वाफ शोषणाऱ्या डबीचा) रेस्पिरेटर हवा. याच रसायनाने रेस्पिरेटर चेहऱ्यावर नीट बसला का याची चाचणी घेतात, आणि तोच नियम कामातही लागू पडतो : मास्कच्या आत केळ्याचा वास आला तर मास्क बसलेला नाही किंवा कार्ट्रिज संपले आहे. हातमोजे ब्युटाइल रबरचे. नायट्राइलचे पातळ मोजे फक्त शिंतोड्यापुरते, भिजले की लगेच बदलावेत. लॅटेक्स यासाठी निरुपयोगी. वारंवार हाताला लागले तर त्वचेतले तेल जाऊन भेगा पडतात.

शेडला किंवा पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागले असेल तर एक वेगळा धोका असतो. मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना बोलावणाऱ्या गंधात हेच आयसोअमाइल ॲसिटेट असते, हे १९६२ साली सिद्ध झाले. कपड्यांना हा वास असताना मोहोळाजवळ जाऊ नये. मोहोळ काढायचे काम जाणकाराकडे द्यावे.

सांडले किंवा पेटले तर

सांडल्यावर पहिले काम ठिणगीची साधने दूर करणे. वाफेत उभे राहून साधा स्विच बंदही करू नये, मेन बाहेरून काढावा. कडेने वाळूचा बांध घाला, गटाराचे तोंड झाका, मग वाळू किंवा कोरडी माती टाकून द्रव शोषून घ्या. लाकडाचा भुसा वापरू नका, तो स्वतःच जळण होतो. ठिणगी न पाडणाऱ्या फावड्याने भरून झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा. पुसलेली फडकीही त्याच डब्यात. पाण्याने गटारात ढकलू नये, द्रव पाण्यावर तरंगते आणि आग गटारातून दुसऱ्या टोकाला पोहोचते.

आगीवर ड्राय केमिकल पावडर, कार्बन डायऑक्साइड किंवा अल्कोहोल-प्रतिरोधक फोम. पाण्याचा जोराचा झोत जळते द्रव पसरवतो. पाणी फवाऱ्याने फक्त शेजारचे ड्रम थंड ठेवायला वापरावे. आग भांड्याबाहेर गेली असेल तर १०१ किंवा ११२ ला फोन करून रसायनाचे नाव आणि यूएन क्रमांक सांगा, आणि माणसे बाहेर काढा.

डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा, मग डॉक्टरकडे. अंगावर सांडले तर भिजलेले कपडे काढून साबण-पाणी. ते कपडे घरी नेऊन गॅसजवळ वाळत घालू नका. गिळले गेले तर उलटी करवू नये, उलटीतले द्रव फुप्फुसात जाण्याची भीती असते. डॉक्टरकडे जाताना सेफ्टी डेटा शीट बरोबर न्यावी.