वाघाची मोहीम, गाईच्या पंचनाम्यापासून

ताडोब्याच्या बफरमध्ये वन्यजीव संवर्धनाचं काम करायला येणारी मुलं-मुली सगळ्यात आधी विचारतात, वाघ दिसतो का? कधीतरी दिसतो. पण ताडोबा-अंधारीचं गाभा क्षेत्र साधारण ६२५ चौरस किलोमीटर, आणि त्याला वेढून असलेलं बफर त्याहून मोठं. या बफरमध्ये गावं आहेत, धानाची बांध्या-बांध्यांची शेती आहे, गुरं आहेत. आपलं काम तिथे, लोकांच्या ओसरीवर. शिक्षण समाजकार्याचं (एमएसडब्ल्यू) असो की प्राणिशास्त्राचं, ओसरीवर बसता आलं पाहिजे.

गावात कधी जायचं हे आपल्या सवडीने ठरवू नका. रोवणीच्या दिवसांत आणि धानकापणीला सभा बोलावणं म्हणजे लोकांची मजुरी बुडवणं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, तेव्हा घरंच्या घरं पहाटे जंगलात असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्याच्या, नाटकांचा हंगाम. गावात रात्रभर नाटक झालं असेल तर दुसऱ्या सकाळी कुणी भेटणार नाही. त्यापेक्षा आदल्या रात्री तुम्हीच नाटकाला जा, पुढच्या भेटीत ओळख आपोआप निघते. एसटीची मुक्कामी गाडी पकडून गावातच राहणं सगळ्यात चांगलं. अंधार पडल्यावर बफरच्या रस्त्यांवर दुचाकी नको, कितीही ओळखीचा रस्ता असला तरी.

मोहफुलांच्या हंगामाबद्दल जास्त सांगतो, कारण याच दिवसांत माणसांवर बरेच हल्ले होतात. पहाटेचा अंधुक उजेड, वाकून वेचणारी एकटी बाई, आणि तीच वेळ वाघाच्या फिरण्याची. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यातून वणवा लागतो. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे; त्या फुलांवर घराचे पैसे अवलंबून असतात. घोळक्याने जा, उजाडल्यावर जा, झाडाखाली जाळी अंथरा, हे सांगता येतं आणि लोक ऐकतातही. बचत गटाच्या बैठकीत बोललात तर जास्त ऐकतात.

पहिल्या भेटीत हमखास ऐकायला मिळेल, ‘भाऊ, वाघ तुमचा, वावर आमचं. तो येते, गाय नेते, तुमी फोटो काढता.’ यावर वाद घालू नका. वही काढा आणि विचारा, काका, गाय कधी गेली, पंचनामा झाला का? जनावर मारलं गेलं की ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवायचं असतं आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागचं हलवायचं नसतं. भरपाईचे अनेक अर्ज याच दोन कारणांनी अडतात. माणूस दगावला तर वारसांना राज्य सरकार २५ लाख रुपये देतं, हा निर्णय २०२३ चा. पण त्यातला मोठा भाग ठेवीत जातो, हे घरच्यांना आधी नीट समजावून सांगावं लागतं. नवख्याने निदान हे दोन अर्ज, जनावराचा आणि माणसाचा, तोंडपाठ करावेत.

हे संवर्धनाचंच काम आहे, बाजूचं समाजकार्य नाही. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीजवळ जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. गुरं गेल्याचा राग आणि हातात वेळेवर न पडलेली भरपाई, ही विषाची वाट कुठल्याही जंगलाकाठी तयार होऊ शकते. म्हणून वाघ वाचवायचा तर आधी त्या गाईचा कागद हलला पाहिजे, असं मी ठामपणे मानतो.

सह्यांच्या मोहिमेवर माझा फारसा विश्वास नाही. शहरात ठीक आहे. गावात मात्र ग्रामसभेचा एक ठराव शेकडो सह्यांपेक्षा जड असतो. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ ने वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. त्यासाठीच्या सभेला निम्मे प्रौढ सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, तेव्हा वेळ बायकांना विचारून ठरवा. याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावरचा गावाचा एकत्रित हक्क, मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणं स्वतःहून बंद केलं, कारण त्यापायी फांद्या तुटतात आणि आगी लागतात. उत्पन्न सोडण्याचा हा निर्णय गावाने घेतला, बाहेरच्या कुणी पत्रक वाटून नव्हे. नवीन गावात मी पाचगावचं उदाहरण आवर्जून सांगतो.

खाणीचा किंवा कारखान्याचा प्रकल्प आला की बहुतेकदा जनसुनावणी, म्हणजे लोकांचं म्हणणं ऐकण्याची सरकारी सभा, लागते. सूचना किमान ३० दिवस आधी निघते. ते दिवस घरोघर फिरण्याचे: प्रकल्प अहवालाचा मराठी सारांश मिळवा, त्यातलं पाणी, धूळ आणि वन्यजीवांच्या भ्रमणमार्गावरचं पान वाचून दाखवा, आणि कोण बोलणार हे गावाला ठरवू द्या. हरकत लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. सुनावणी संपल्यावर इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. तोवर लोक कंटाळून निघालेले असतात. तुम्ही बसा, चार जणांना बसवा. मावशींनी मांडलेला विहिरीचा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उभं राहून तो घालून घ्या.