चित्रातला खेळ परत हवाय? मग या चुका टाळा

हात बसलेला असतो, रेषा चुकत नाही, तरी चित्र काढायला बसावंसं वाटत नाही. अशा वेळी बहुतेकजण नवी भारी वही आणि महागडे रंग आणतात. पहिली चूक हीच. शंभर रुपयांचा कागद समोर असला की हात जपून चालतो. त्याऐवजी जुन्या लग्नपत्रिका घ्या आणि त्यांची कोरी बाजू वापरा. मात्र गुळगुळीत, चकचकीत पत्रिका बाजूला काढा, त्यांवर पाण्याचा रंग धरत नाही.

रंगाला गेरू पुरतो. एक चमचा बाभळीच्या डिंकाची पूड तीन चमचे गरम पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी फडक्यातून गाळा. त्यात दोन-तीन चमचे वस्त्रगाळ गेरू घोटा. लागेल तसं पाणी घालून ताकाइतका पातळ करा. वाळल्यावर बोटाला गेरू लागला तर डिंक कमी पडलाय. पापुद्रे सुटले तर डिंक जास्त झालाय किंवा थर जाड बसलाय. एका दिवसापुरताच कालवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लवकर आंबतो. कुंचला म्हणून कडुलिंबाच्या हिरव्या काडीचं टोक ठेचून घ्या. रेघ जाडबारीक येते, हवी तशी वळत नाही, आणि ती तशीच यायला हवी.

दुसरी चूक जास्त नडते. ‘आज मनाला येईल ते काढू’ म्हणून बसलं की मनाला काहीच येत नाही. लपाछपीलाही राज्य आणि हद्द लागते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या शिरावर चार हरणं कोरली आहेत, पण डोकं एकच. कुठल्याही हरणाकडे बघा, डोकं त्याचंच वाटतं. पाचव्या शतकातल्या कारागिराने दगडात मांडलेला हा खेळ तुम्हीही खेळा. पत्रिकेच्या मधोमध एक डोकं काढा, बैलाचं, शेळीचं, कुणाचंही चालेल. मग चार बाजूंनी चार धडं जोडा. पत्रिका दहा, प्रत्येकीला दोन मिनिटं, मोबाईलवर गजर लावून. पहिल्या तीन-चार ओळखीच्या निघतात. गंमत साधारण पाचवीपासून सुरू होते, म्हणून तिसरीवर उठू नका.

मध्येच खोडणं आणि लगेच स्टेटसला टाकणं, दोन्ही बंद. आठवडाभर पत्रिका डब्यात राहू द्या.

कागदाचा कंटाळा आला तर पोळ्याच्या बैलांची काळी माती घ्या. इथे चूक होते ती नुसती माती मळण्याची. आपली काळी माती वाळताना फार आकसते, शिंगं आणि पाय सांध्यात तडकतात. चार वाट्या मातीला एक वाटी चाळलेली बारीक वाळू मिसळा, शिंगं पाण्याने ओली करून चेपून जोडा, आणि बैल उन्हात न ठेवता ओल्या फडक्याखाली सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. एखादं शिंग तरीही गळालंच, तर त्या जागी तिसरा कान लावून बघा.