आई-बाबा आले की आधी ट्राममध्ये बसवा

सिडनीत वेस्टमीड, पॅरामॅटा भागात राहायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मी एक गोष्ट आवर्जून सांगते. घर लागलं, बॅगा उघडून झाल्या, की पहिल्याच रविवारी सगळे मिळून ट्रामने वेस्टमीडहून कार्लिंगफर्डला जाऊन या. काही काम नसताना जा. पोरांना खिडकी द्या आणि आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना दाराजवळच्या सीटवर बसवा. ही सगळी खटपट खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

इथे येणाऱ्या आई-बाबांचं फार वाईट वाटतं मला. तिकडे भाजीपासून बँकेपर्यंत सगळं स्वतः करणारी माणसं इथे मुलगा-सून ऑफिसातून कधी येतात, याची वाट बघत बसतात. गाडी चालवता येत नाही आणि रस्ते अनोळखी. माझ्या आईचे आधीच्या खेपेचे तीन महिने असेच गॅलरीत गेले. २० डिसेंबर २०२४ ला ही ट्राम, म्हणजे इथली लाइट रेल, सुरू झाली आणि पुढच्या खेपेला आई एकटी बाहेर पडायला लागली.

मार्ग १२ किलोमीटरचा, स्टॉप १६. डंडस, टेलोपिया, कार्लिंगफर्ड हा शेवटचा भाग जुन्या रेल्वेचा. ती जानेवारी २०२० मध्ये बंद झाली. ट्राममध्ये चढायला पायरी नाही. फलाट आणि डबा एका पातळीत असल्यामुळे बाबागाडी, व्हीलचेअर सरळ आत जाते, आणि जिना किंवा लिफ्ट शोधावी लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी सोय कोणती? दार आपोआप उघडलं नाही तर त्यावरचं बटण दाबा. वेस्टमीड हॉस्पिटल आणि चिल्ड्रन्स हॉस्पिटल या दोघांनाही स्वतंत्र स्टॉप आहे. लहान मुलं घरात असतील तर हे दोन स्टॉप आजच पाहून ठेवा.

आता पैशांचं. ओपल कार्ड, म्हणजे इथलं प्रवासाचं कार्ड, प्रत्येकाचं वेगळं हवं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. चार वर्षांखालच्या मुलांना भाडं नाही. ४ ते १५ वयाच्या मुलांसाठी चाइल्ड ओपल घ्या, कारण बँकेचं कार्ड टॅप केलंत तर मुलाचंही मोठ्यांचं भाडं कापलं जातं. भेटीला आलेल्या आई-बाबांना इथली ज्येष्ठांची सवलत मिळत नाही, त्यांनाही मोठ्यांचंच भाडं पडतं. टॅप करायचं मशीन ट्रामच्या आत नसून स्टॉपवर असतं. चढण्याआधी टॅप ऑन आणि उतरल्यावर टॅप ऑफ, तेही त्याच कार्डाने. मी एकदा चढताना कार्ड आणि उतरताना फोन लावला. बँकेचं खातं एकच, पण मशीनच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी, आणि दोघांचाही प्रवास अर्धवट! दोन्हीकडून जास्तीचं भाडं गेलं. शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीला दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा इतर दिवसांपेक्षा कमी असते. ट्रेन, बस, फेरी सगळं त्यात धरतात. म्हणून लांबची भटकंती रविवारी ठेवा.

आईला मी एका वहीच्या पानावर सोळाही स्टॉपची नावं देवनागरीत लिहून दिली होती. इंग्रजी घोषणा तिच्या कानाला लागत नव्हती, पण ‘नगारा’सारखं वाटणारं ‘न्गारा’ ऐकू आलं की ती लगेच बोट एक ओळ खाली सरकवायची. कार्ड मुठीत घट्ट. मशीनचा आवाज आला की माझ्याकडे बघायची, मी मान हलवली की मगच पुढे. दोन खेपा मी बरोबर गेले. तिसऱ्या खेपेला मागच्या दारापाशी उभी राहिले आणि तिला सगळं एकटीला करू दिलं. चौथ्यांदा ती मला न सांगता पॅरामॅटा स्क्वेअरला उतरून ‘फाइव्ह’ या लायब्ररीत जाऊन बसली आणि तिथून फोन केला.

बाबांचा आवडता स्टॉप बेनो ओव्हल. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट कप्तान रिची बेनो याच पॅरामॅटात शिकला. त्याच्याच संघाला १९५९ मध्ये कानपूरला भारताच्या जसू पटेलांनी एका डावात नऊ विकेट घेऊन गुंडाळलं होतं. ते सगळं बाबांनी नातवाला तिथल्या बाकावर बसून सांगितलं.

मुलांना मात्र एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावा. चर्च स्ट्रीटच्या भागात डोक्यावर तारा नाहीत, ट्राम बॅटरीवर चालते आणि जवळजवळ आवाज न करता येते. ४५ मीटर लांबीची गाडी एकदम थांबत नाही. दोन्ही बाजूंनी खाण्याची दुकानं असल्याने लोक रमतगमत रूळ ओलांडताना दिसतील. तुम्ही मुलांचा हात धरा, फोन खिशात ठेवा आणि दोन्हीकडे बघूनच ओलांडा.

परतीच्या ट्रामची काळजी करू नका. कामाच्या दिवशी दिवसभर सात-आठ मिनिटांनी एक येते. आई-बाबांनाही हेच सांगून ठेवा: चुकून पुढच्या स्टॉपला उतरलात तर घाबरू नका, समोरच्या फलाटावर जा आणि मागे या.