दुर्बिणीतून फोटोग्राफी: सुरुवात तारकागुच्छांपासून करा

दुर्बिणीला कॅमेरा जोडून फोटो काढायला शिकणाऱ्यांना मी तेजोमेघांच्या आधी तारकागुच्छ घ्यायला सांगते. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला असतो, त्यामुळे शहराच्या उजळ आकाशातही तो टिकतो. तेजोमेघाचा पसरट प्रकाश तिथे विरून जातो. शिवाय फोकस हलला, ट्रॅकिंग (सरकत्या ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणं) चुकलं, तर ताऱ्याचा आकार बिघडतो आणि दोष कुठे आहे ते लगेच कळतं.

आधी आपल्या फ्रेममध्ये किती आकाश मावतं ते पाहा. कृत्तिका जवळजवळ दोन अंश पसरलेल्या आहेत, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चौपट. एपीएस-सी (मध्यम आकाराचा) सेन्सर आणि ४०० मिमी फोकल लेंग्थला त्या छान बसतात, १००० मिमीला कडा कापल्या जातात. शौरी तारकासमूहातला एम १३ हा गुच्छ मात्र जेमतेम २० आर्कमिनिटांचा, म्हणजे एक तृतीयांश अंशाचा. त्याला लांब फोकल लेंग्थच हवी.

माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा आधार, विषुववृत्तीय (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणारं) असावं आणि आकाशाच्या ध्रुवाशी नीट जुळवलेलं असावं. फोकससाठी बाख्तिनोव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची चकती) वापरा: ठळक ताऱ्याभोवती तीन रेषा दिसतात, मधली रेषा बरोबर मध्यावर आली की काम झालं. रात्री तापमान उतरतं तशी नळी आकसते, म्हणून फोकस मी अधूनमधून पुन्हा तपासते.

सगळ्यात जास्त जपायचा तो ताऱ्यांचा रंग. एक्सपोजर लांबवलं की पिक्सेल काठोकाठ भरतात, लाल-हिरवा-निळा तिन्ही कमाल पातळीला पोचतात आणि तारा नुसता पांढरा उरतो. हा गेलेला रंग कोणतंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. ययाती तारकासमूहातल्या जोडगुच्छात निळसर ताऱ्यांमध्ये काही लालसर महाकाय तारे आहेत. ते फोटोत उतरले की किती देखणे दिसतात! त्यासाठी रॉ फॉरमॅटमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये), कमी आयएसओवर, २०-३० सेकंदांच्या भरपूर फ्रेम घ्या. १०० फ्रेमची सरासरी काढली की नॉइज साधारण दहाव्या हिश्शावर येतो. हे स्टॅकिंग सिरिलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. डार्क (झाकण लावून घेतलेल्या) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या) फ्रेमचा कंटाळा मात्र करू नका.

एम १३ सारख्या गोलाकार गुच्छाच्या गाभ्यासाठी मी आणखी लहान एक्सपोजरचा वेगळा संच घेते आणि नंतर दोन्ही मिसळते. स्ट्रेच करताना, म्हणजे फोटोतले अंधुक भाग उजळवताना, नजर गाभ्यावर ठेवते. तिथले तारे एकमेकांत मिसळायला लागले की एक पायरी मागे येते.