वारसा-रेल्वेच्या जतनासाठी वकील कसे व्हावे

जुन्या रेल्वेमार्गांच्या जतनासाठी कायद्याचे काम करायचे असेल, तर बारावीनंतरचा ५ वर्षांचा किंवा पदवीनंतरचा ३ वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण करून सनद घ्यावी; वास्तुजतनाचे शिक्षण नंतर घेतले तरी चालते.

मात्र या कामाची खरी समज एकच रेल्वेमार्ग निवडून त्याची कागदपत्रे वाचल्याने येते. १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान रेल्वे घ्या. रुळांमध्ये दोन फूट अंतर असलेला हा मार्ग मध्य रेल्वेकडे आहे, तर माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे २००५ च्या अतिवृष्टीत झाले तसे नुकसान भरून काढणे वरकरणी अभियंत्याचे काम वाटले, तरी परवानगी कोणाची, हे ठरवताना १९८९ चा रेल्वे अधिनियम, १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम एकत्र वाचावे लागतात. शिवाय मार्गाला शंभर वर्षे झाली म्हणून १९५८ च्या स्मारक कायद्याचे संरक्षण आपोआप मिळत नाही, त्यासाठी अधिसूचना लागते. नवख्यांची गफलत बहुधा इथेच होते.

कार्यशाळेतही जरूर जावे. रेवाडीच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडसारख्या ठिकाणी बॉयलरची झिजलेली नळी काढून नवी बसवतात, तेव्हा मूळ भाग कोणता आणि बदललेला कोणता, याची नोंद कोणी ठेवायची, हे दुरुस्तीच्या करारात स्पष्ट लिहिणे हे वकिलाचे काम आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे.