तिसऱ्या रात्री बॅटरी बसली: नर्मदेवरच्या बोटीतला विजेचा हिशेब

आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स करताना घराचा लोड काढायला शिकवला होता. तिथे भिंतीवर मीटर असतो, मागे खांबावरची तार असते. हिशेब चुकला तर फार तर बिल वाढतं. नर्मदेवरच्या तरंगत्या दवाखान्यावर लागलो, तेव्हा वीज पहिल्यांदा हंड्यातल्या पाण्यासारखी वाटली. भरली तेवढीच, आणि काढली की कमी.

अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली सरदार सरोवराच्या काठची कितीतरी गावं अशी आहेत, की तिथे रस्त्यापेक्षा पाण्यानेच लवकर पोचता येतं. आमची बोट तिकडे चार-पाच दिवस फिरते. चालक, खलाशी, डॉक्टर, सिस्टर आणि मी, सगळे तिच्यातच जेवतो, तिच्यातच झोपतो. इंजिनची बॅटरी वेगळी आहे आणि तिला घरखर्चासाठी, म्हणजे दिवे-पंखे-फ्रिजसाठी, हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिका. घरखर्चाला १२ व्होल्टच्या १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे किती करंट किती तास मिळेल त्याचं माप) दोन ट्युब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आणि टपावर ३३० वॅटची दोन पॅनेलं.

मेमधली माझी पहिली फेरी. निघण्याआधी मी वहीत हिशेब मांडला. ९ वॅटचे चार दिवे पाच तास, म्हणजे १८० वॅट-अवर. २० वॅटचे दोन डीसी पंखे दहा तास, ४००. लसींचा, थेट बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज ६० वॅटचा, कंप्रेसर एक तृतीयांश वेळ चालतो असं वाचलेलं, म्हणून आठ तास धरले, ४८०. पाच मोबाइल १००, लॅपटॉप १००, मिक्सर ४०. बेरीज १३००. बॅटऱ्यांत मिळून (व्होल्ट गुणिले एएच) ३६०० वॅट-अवर, पण लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून वापरायला १८००. वर दिवसभर सूर्य आहेच. म्हटलं, पुरून उरेल.

तिसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला आणि फ्रिज बंद पडला. चालकदादा अंधारातून ओरडले, "काय व्हयनं रे भो?" सिस्टरांनी एक शब्द न बोलता लसी आइसपॅकच्या कॅरियरमध्ये हलवल्या. थर्मामीटर ८ अंशांच्या आत होता म्हणून निभावलं. मला मात्र उजाडेपर्यंत झोप आली नाही.

चूक शोधताना आधी मी मिक्सरलाच धरलं. ७५० वॅट! शेवभाजीचं वाटण करू नका म्हणून सगळ्यांना सांगून झालं. पण ७५० वॅटचं यंत्र तीन मिनिटं चाललं तर खर्च ४० वॅट-अवरसुद्धा होत नाही. आणि इन्व्हर्टर? त्याला काहीही जोडलेलं नसताना तो स्वतः १५ वॅट घेत होता. चोवीस तासांचे झाले ३६०, म्हणजे माझ्या चारही दिव्यांच्या दुप्पट! तो माझ्या यादीतच नव्हता, कारण त्याला मी 'वापरणारा' समजलोच नव्हतो. लेबलावरचे वॅट बघून घाबरू नका, तास मोजा.

फ्रिजचंही तसंच. एक तृतीयांश हा आकडा थंड खोलीतला. मेमध्ये दुपारी बोटीचा पत्रा हात टेकू देत नाही. मी घड्याळ लावून बसलो, तर कंप्रेसर दिवसाकाठी पंधरा तास चालत होता. म्हणजे ४८० नव्हे, ९००. पंखेही दहा तास नाही, सोळा तास फिरत होते. त्या उकाड्यात डॉक्टरांना पंखा बंद करा म्हणायची माझी हिंमत नव्हती. खरी बेरीज २३२० आली.

आता आवक. पॅनेलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या चार्ज कंट्रोलरवर दिवसाचे १२० एएच दिसत होते, म्हणजे साधारण १५०० वॅट-अवर. मे महिन्यात, खानदेशच्या उन्हात, एवढंच कसं? कारणं दोन होती. धरण पूर्ण भरलं की पाणी १३८.६८ मीटरला असतं, पण उन्हाळ्यात ते उतरतं आणि बोट सातपुड्याच्या घळीत खोल जाते. पूर्वेचा डोंगर उंच झाला की ऊन उशिरा येतं आणि पश्चिमेचा उंच झाला की संध्याकाळी लवकर जातं. दुसरं कारण लाजिरवाणं: पाण्याची टाकी मीच पॅनेलशेजारी बांधली होती. तिची सावली कोपऱ्यावरच पडायची, पण पॅनेलमधल्या सेल एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे कोपरा झाकला तरी पॅनेल बरंच मार खातं. रोज आठशेची तूट, त्यात चार्जिंगमध्ये वाया जाणारं वेगळं. १८०० तिसऱ्या रात्री संपले यात नवल नव्हतं.

मग टाकी हलवली. दिवे थेट बॅटरीवर चालणारे १२ व्होल्टचे घेतले, म्हणून इन्व्हर्टर सकाळ-संध्याकाळ एकेक तासच चालू ठेवला. फ्रिज इंजिनच्या भिंतीपासून दूर नेऊन मागे चार बोटं जागा सोडली, तर कंप्रेसर अकरा तासांवर आला. खर्च १७५०, आवक १९०० च्या आसपास. जेमतेम, पण पहाट निघते.

मोजायला क्लॅम्पमीटर (वायरीभोवती अडकवून करंट दाखवणारा) घ्याल तर डीसी मोजणारा घ्या. बाजारातले बरेच स्वस्त मीटर फक्त एसी करंट दाखवतात, माझे पैसे असेच गेले. कायमचं करायचं असेल तर शंटवाला बॅटरी मॉनिटर लावा (शंट म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडायची करंट मोजणारी पट्टी) आणि बोटीतली प्रत्येक निगेटिव्ह वायर शंटच्या पलीकडून, म्हणजे बॅटरीच्या उलट बाजूने, घ्या. एक जरी थेट बॅटरीला राहिली तरी तेवढा खर्च त्याला दिसणार नाही. नुसत्या व्होल्टवर जाऊ नका. उन्हात चार्ज होताना बॅटरी खुशाल १३.५ दाखवते. सगळं बंद करून काही तास थांबल्यावर १२.७ आलं तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी.

आणि मेची वही जुलैत चालत नाही. पंखे कमी लागतात, फ्रिज शांत असतो, खर्च १२०० वर येतो. पण सातपुड्यावर ढग बसले की कंट्रोलरवर कधी तीस एएच, कधी चाळीस. म्हणून पावसाळ्याच्या फेरीला आम्ही जनरेटर आणि डिझेलचा कॅन आधी चढवतो, मग धान्य.